भिंतीवरचा नंबर

गोव्यातल्या जुन्या घरांच्या दारापाशी भिंतीवर रंगाने लिहिलेला पंचायतीचा घर नंबर असतो. कधी एक, कधी दोन. जुना पुसट झालेला, त्याच्या शेजारी नंतरचा, आणि घराच्या वाटण्या झाल्या असतील तर तिरपी रेघ मारून पुढे १, २ किंवा अ, ब. घरपट्टी या नंबरावर भरायची, वीजजोडणीच्या अर्जावरही हाच लिहायचा. पण पहाटे सायकलचा भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, यातला एकही नंबर वाचत नाही. कुठल्या पायरीवर किती पाव ठेवायचे हे त्याला रोजच्या फेरीने पाठ झालेलं असतं. घर बंद झालं की काही दिवसांत ते त्याच्या फेरीतून गळतं, नवं बिऱ्हाड आलं की जोडलं जातं.

मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे संगणकाच्या नेटवर्क कार्डावरचा असाच एक नंबर, आणि घरातला किंवा ऑफिसातला स्विच, म्हणजे अनेक यंत्रांच्या तारा एकत्र जोडणारा डबा, हा त्याचा पोदेर. कुठल्या पोर्टवरून, म्हणजे तार खोचायच्या तोंडातून, कुठल्या नंबराची पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, येतात हे पाहून तो आपला तक्ता भरतो. बऱ्याच स्विचांत एखाद्या नंबराकडून ५ मिनिटं काहीच आलं नाही तर ती ओळ पुसली जाते. नंबर खरा की खोटा, कारखान्यातला की हाताने दिलेला, हे स्विच विचारत नाही. पाकीट कुठल्या दारातून आलं एवढंच तो पाहतो. हा नंबर पाकीट पोचवायच्या सोयीसाठी आहे, ओळखपत्र म्हणून नाही. मॅक अ‍ॅड्रेस बदलण्याभोवतीचे बहुतेक गैरसमज, भीती आणि बेफिकिरीसुद्धा, हा फरक विसरल्यामुळे होतात.

आपल्याकडे नेटवाले याला ‘मॅक आयडी’ म्हणतात, आणि त्या ‘आयडी’ शब्दाने बराच घोटाळा केला आहे. आयडी म्हटलं की आधार कार्ड आठवतं, बदलणं म्हणजे काहीतरी गुन्हा वाटू लागतो. प्रत्यक्षात हा ४८ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा ४८ घरांचा, आकडा आहे. सोळाच्या पद्धतीत, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ या सोळा चिन्हांत लिहिला की बारा अक्षरं होतात, वाचायला सोपं जावं म्हणून दोन-दोनच्या सहा जोड्या पाडतात. पहिल्या तीन जोड्या कंपनीच्या. त्या आयईईई ही संस्था वाटते. उरलेल्या तीन कंपनी आपल्या मालावर क्रमाने टाकत जाते. एका कंपनी-क्रमांकात १ कोटी ६७ लाखांहून जास्त कार्डं मावतात, सगळे ४८ बिट धरले तर आकडा सुमारे २८१ लाख कोटींवर जातो. डिजिटल इक्विपमेंट, इंटेल आणि झेरॉक्स या तिघांनी मिळून १९८० मध्ये इथरनेटचा नमुना जाहीर केला, तेव्हापासून ही ४८ बिटांची लांबी चालत आली आहे.

या आकड्यात एक बिट असं आहे की ते पाहिलं की बदलण्याबद्दलची सगळी धास्ती ओसरते. पहिली जोडी घ्या आणि तिचे आठ बिट मांडा. शेवटचं बिट सांगतं की पत्ता एकट्याचा आहे की समूहाचा: ० असेल तर एकट्याचा, १ असेल तर समूहाचा. त्याच्या डावीकडचं, म्हणजे शेवटून दुसरं बिट सांगतं की हा नंबर कंपनीने दिला की जागेवरच्या माणसाने. ० म्हणजे कारखान्याचा, १ म्हणजे स्थानिक. नियम करणाऱ्यांनीच स्थानिक नंबराची जागा राखून ठेवली आहे. पंचायतीच्या नोंदवहीत ‘मालकाने स्वतः दिलेला नंबर’ असा वेगळा रकाना असावा, तसं हे आहे. डिजिटल इक्विपमेंटची डेकनेट ही जुनी व्यवस्था तर सुरू होतानाच प्रत्येक यंत्राच्या कार्डाचा नंबर बदलून एए-००-०४-०० ने सुरू होणारा करत असे. पुढच्या दोन जोड्यांत त्या यंत्राचा डेकनेटमधला पत्ता भरलेला असायचा. एए मधलं ते दुसरं बिट १ आहे. बदललेला नंबर हे तेव्हा रोजचं काम होतं.

यावरून हाताशी ठेवायचा नियम निघतो: स्वतः नंबर बनवायचा तर पहिल्या जोडीचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकीच हवं. ०२ चालेल, १६ चालेल, ५ए चालेल, एफई चालेल. दुसरं अक्षर १, ३, ५, ७, ९, बी, डी किंवा एफ असेल तर तो समूहाचा पत्ता ठरतो आणि एकट्या कार्डाला तो लावता येत नाही. लिनक्सवर असा नंबर देऊन पाहिला तर ‘मागितलेला पत्ता देता येत नाही’ अशा अर्थाचा निरोप येतो. नवखे लोक त्याला ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कार्यक्रमाचा, दोष समजून तासभर घालवतात. दुसरं अक्षर ०, ४, ८ किंवा सी असेल तर तांत्रिकदृष्ट्या चालतं, पण तो कुठल्यातरी कंपनीच्या वाट्याचा नंबर असतो, आणि कोणाच्या तरी खऱ्या कार्डाशी तो जुळण्याची शक्यता तुम्ही विनाकारण ओढवून घेता. २०१७ मध्ये ८०२सी या जोडनियमाने या स्थानिक जागेचीही वाटणी केली. ए कंपन्यांच्या स्थानिक वापराला, ई प्रमाणित व्यवस्थांना, ६ पुढच्यासाठी राखीव आणि २ जागेवरच्या व्यवस्थापकाला. घरी किंवा शाळेच्या लॅबमध्ये काही बनवायचं असेल तर ०२ ने सुरुवात करावी, पुढच्या पाच जोड्या फासे टाकून किंवा संगणकाकडून मनमानी घ्याव्यात. जन्मतारीख, गाडीचा नंबर असलं काही घालू नये, कारण तसं सगळेच घालतात.

नंबर बदलतो म्हणजे नेमकं काय होतं? कार्डावर एक छोटी कायम स्मृती असते, कारखान्याचा नंबर तिथे लिहिलेला असतो. संगणक सुरू झाला की ड्रायव्हर तो वाचून कार्डाच्या चालत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, ठेवतो, आणि ‘हे पाकीट माझं का’ हे कार्ड त्या रजिस्टरवरून ठरवतं. आपण बदलतो ते रजिस्टर. कायम स्मृतीतला नंबर जसाच्या तसा राहतो. म्हणून यंत्र बंद करून पुन्हा लावलं की, नवा नंबर कुठे नोंदवून ठेवला नसेल तर, जुना परत येतो. भिंतीवर खडूने लिहिलं, पावसाने धुतलं, खालचा रंगाचा नंबर तसाच.

काही साधनं त्या कायम स्मृतीतच नंबर लिहितात. ती हौसेने वापरू नयेत. तिथे नंबराबरोबर इतर मांडणीही असते आणि सगळ्याचा हिशेब जुळावा लागतो. इंटेलच्या कित्येक गिगाबिट कार्डांत पहिल्या ६४ शब्दांची (१६-१६ बिटांच्या तुकड्यांची) बेरीज सोळाच्या पद्धतीत बीएबीए यावीच लागते. ती चुकली की ड्रायव्हर कार्ड घ्यायला नकार देतो, आणि चांगलं कार्ड टेबलावर निरुपयोगी पडतं.

विंडोजवर मार्ग सरळ आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये आपलं कार्ड शोधा, प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड. तिथल्या यादीत ‘नेटवर्क अ‍ॅड्रेस’ किंवा ‘लोकली अ‍ॅडमिनिस्टर्ड अ‍ॅड्रेस’ असेल. ‘व्हॅल्यू’ निवडा आणि बाराही अक्षरं सलग लिहा, मध्ये रेघ नको, विसर्गासारखी टिंबं नकोत, मोकळी जागाही नको. ओके दाबलं की कार्ड क्षणभर बंद होऊन परत सुरू होतं. त्या वेळी कोणाचं काम चालू असेल तर ते तुटणार, हे आधी सांगावं. परत मूळ नंबर हवा असेल तर तिथेच ‘नॉट प्रेझेंट’. बदल झाला का हे कमांड प्रॉम्प्टवर ‘गेटमॅक’ लिहून बघता येतं. वायफाय कार्डांत दोन अडचणी येतात. काही ड्रायव्हरांत तो रकानाच नसतो. आणि असला तरी वायफायच्या बाबतीत विंडोज ते २, ६, ए, ई चं बंधन सहसा कडकपणे पाळतं. ००ने सुरू होणारा नंबर लिहिला तर चूक दाखवत नाही, गुपचूप जुनाच चालू ठेवतं. ‘बदलला पण बदलत नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा एवढंच असतं. अशा वेळी विंडोज १० पासून सेटिंग्जमध्ये वायफायखाली असलेला ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’चा खटका बघावा. कार्डाला ते जमत असेल तरच तो दिसतो.

लिनक्सवर तीन पायऱ्या. ‘आयपी लिंक’ ही आज्ञा वापरून कार्ड खाली आणायचं, त्याला नवा पत्ता द्यायचा, परत वर आणायचं. खाली न आणता पत्ता देऊ गेलात तर बरीच कार्डं ‘साधन गुंतलेलं आहे’ म्हणून नकार देतात. पण ज्या यंत्रावर नेटवर्कमॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा कार्यक्रम चालतो तिथे जोडणी नव्याने झाली की तो स्वतःच्या मनातला नंबर पुन्हा लावतो. म्हणून तिथे जोडणीच्या मांडणीत ‘क्लोन्ड मॅक अ‍ॅड्रेस’च्या रकान्यातच नंबर लिहिणं शहाणपणाचं. त्या रकान्यात ‘स्टेबल’ असा शब्दही चालतो: प्रत्येक जोडणीसाठी वेगळा, पण त्या जोडणीपुरता कायम. मला हा पर्याय सगळ्यात समजूतदार वाटतो. कारखान्याचा खरा नंबर कधीही बघायचा असेल तर ‘इथटूल’ला मोठा पी देऊन विचारावं. अॅपलच्या मॅक संगणकावर ‘आयएफकॉन्फिग’ने होतं, वायफाय आधी जोडणीतून सोडवावं लागतं, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं की जातं.

आता ज्यासाठी गोव्यातल्या बहुतेक घरांना हा विषय कधी ना कधी लागतो, त्या विजेकडे. मे महिन्यातल्या वळिवाच्या संध्याकाळी आणि पाऊस परतताना ऑक्टोबरात ढगांचा गडगडाट सत्तरी-डिचोलीकडून चढत येतो. ऐन आषाढातल्या संततधारेत वीज तेवढी पडत नाही जेवढी या दोन टोकांना पडते. खांबावरून, माडावरून, कौलांच्या कडेने ओढलेली तांब्याची नेट केबल ही अशा वेळी चांगली लांब अँटेना होते. लॅन पोर्टच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते सुमारे १५०० व्होल्टपर्यंत दोन्ही बाजू अलग ठेवतील असे बनवलेले असतात. जवळ पडलेल्या विजेचा झटका त्याच्या कितीतरी वर जातो. राउटर वरून धडधाकट दिसतो, वायफायचं नाव दिसतं, दिवे लागतात, फक्त वॅन पोर्टचा, म्हणजे नेटवाल्याची केबल लागते त्या तोंडाचा, दिवा कायमचा गेलेला असतो. गडगडाट ऐकू आला की प्लगबरोबर ती केबलही काढावी. नुसता प्लग काढून उपयोग नाही, कारण झटका बहुधा केबलनेच आत येतो.

नवा राउटर म्हापशाहून किंवा मडगावहून आणला, जोडला, आणि नेट नाही. नेटवाल्याच्या यंत्रणेत तुमच्या खात्यापुढे जुन्या राउटरचा मॅक बांधलेला असतो. याला ते ‘मॅक बाइंडिंग’ म्हणतात. फोन केला तर दोन मिनिटांत सुटतं, आणि तोच खरा रस्ता. पण चवथीच्या आदल्या दिवशी फोन लागत नाही, तेव्हा नव्या राउटरच्या वॅन मांडणीतला ‘मॅक क्लोन’ हा रकाना उपयोगी पडतो. तुमच्याच खात्याचा, तुमच्याच मेलेल्या राउटरचा नंबर नव्याला देणं, यात कोणाची फसवणूक नाही.

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती नंबर कुठला घ्यायचा यात. राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर बहुधा एकच नंबर छापलेला असतो, आणि बऱ्याच राउटरांत तो लॅनचा, म्हणजे घरातल्या बाजूचा, असतो. नेटवाल्याला दिसतो तो वॅनचा. तो बऱ्याचदा लॅनच्या नंबराहून एकाने पुढचा असतो, वायफायचे आणखी वेगळे. म्हणून चिकटपट्टीवरचा चालला नाही तर शेवटच्या जोडीत १ मिळवून पाहावा. मिळवताना सोळाची पद्धत विसरू नये. शेवटी ३९ असेल तर पुढचा ४० नव्हे, ३ए. शेवटी ७एफ असेल तर पुढचा ८०. शेवटी एफएफ असेल तर ती जोडी ०० होते आणि तिच्या आधीच्या जोडीत १ वाढतो. चिकटपट्टी घामट हवेने पुसली गेली असेल तर खोक्यावरही तोच नंबर असतो. खोकंही नसेल तर घरातल्या विंडोज लॅपटॉपला विचारता येतं. विंडोज जोडलेल्या प्रत्येक नेटवर्कच्या राउटरचा मॅक रजिस्ट्रीत नेटवर्कलिस्ट, त्याखाली सिग्नेचर्स या कप्प्यात ‘डिफॉल्टगेटवेमॅक’ नावाने लिहून ठेवतं. तो लॅनच्या बाजूचा असतो, त्यावरून वॅनचा अंदाज बांधता येतो.

क्लोन लावल्यावर क्रमही पाळावा. नेटवाल्याचा डबा (मॉडेम किंवा फायबरचा) आणि राउटर दोन्ही बंद करून दोन-तीन मिनिटं थांबावं, मग आधी डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. काही डबे सुरू झाल्यावर पहिलं जे यंत्र दिसेल त्याचाच नंबर धरून बसतात. आणि हे लक्षात ठेवावं की फायबरचा डबाच जळला असेल तर क्लोनने काही होणार नाही. जीपॉन जातीच्या डब्याची नोंद पलीकडच्या यंत्रात त्याच्या सिरियल नंबरावर असते, ईपॉन जातीच्या डब्याची त्याच्या स्वतःच्या मॅकवर. दोन्ही बाबतीत राउटरच्या रकान्यात काहीही लिहून उपयोग नाही, नेटवाल्यालाच नवा डबा नोंदवावा लागतो.

किनारपट्टीच्या गावांत आणखी एक गोष्ट मॅकच्या नावावर खपते. खाऱ्या हवेने लॅनच्या पिनेच्या तोंडावरच्या आठ पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चार तारा पुरतात. म्हणून एखादी पट्टी गंजली की जोडणी १०००वरून १००वर येते, किंवा सारखी तुटते-जुळते. नंबर बदलून बदलून काही होत नाही. नवी पिन मारली की होतं. नंबराला हात लावण्याआधी पिन काढून उजेडात धरून बघावी, एवढं तरी करावं.

एकच नंबर दोन यंत्रांना दिला तर काय होतं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण लक्षणं फसवी असतात. समजा एका लॅबमध्ये एका संगणकाची प्रत काढून दुसरा उभा केला, आणि नंबर दोन्हीकडे तोच. स्विचच्या तक्त्यात त्या नंबरापुढे एकच पोर्ट मावतं. पहिल्याने पाकीट पाठवलं की तक्ता म्हणतो पोर्ट ३, दुसऱ्याने पाठवलं की पोर्ट ७, परत ३, परत ७. उत्तरं ज्याने शेवटचं तोंड उघडलं त्याच्याकडे जातात. त्यात पत्ते वाटणारा डीएचसीपी नंबर पाहूनच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो, नंबर एकच म्हणून दोघांना आयपीही एकच मिळतो. ‘आयपी दोघांकडे’ असा जो इशारा एरवी पडद्यावर येतो, तो अशा वेळी बहुधा येतच नाही, कारण प्रत्येक यंत्राला वाटतं तो पत्ता आपलाच. मग पहिल्याने एखाद्या संकेतस्थळाकडे जोडणी मागितली, तिचं उत्तर दुसऱ्याकडे गेलं, दुसऱ्याने ‘ही जोडणी माझी नाही’ म्हणून ती तोडायचं पाकीट पाठवलं, आणि पहिल्याचं काम खरोखरच तुटलं. दोन्ही पडद्यांवर पान अर्धं उघडतं, थांबतं, पुन्हा उघडतं. एक संगणक बंद केला की दुसरा वाऱ्यासारखा चालतो. हे लक्षण दिसलं की दोन्हींवर ‘गेटमॅक’ चालवून बारा अक्षरं शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत.

शाळांत आणि अभियांत्रिकीच्या वर्गांत आता आर्डुइनोसारखी पाटं, म्हणजे छोटी इलेक्ट्रॉनिक बोर्डं, आली आहेत. त्यांच्या इथरनेटच्या नमुना कार्यक्रमांत नंबर हाताने लिहिलेला असतो, तो डीई-एडी-बीई-ईएफ-एफई-ईडी. वाचायला मजेशीर म्हणून सगळ्यांना आवडतो, आणि नियमातही बसतो, कारण डीईचं दुसरं अक्षर ई. पण दहा मुलांनी तोच नमुना उतरवला आणि दहाही पाटं एकाच स्विचला लावली की वर सांगितलेलं सगळं दहापटीने होतं. एकेकटं पाट चालतं, प्रदर्शनाच्या दिवशी सगळी एकत्र लावली की कोणाचंच चालत नाही. शिक्षकांनी वर्गाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मुलाला ०२ ने सुरू होणारा, शेवटच्या जोडीत हजेरी क्रमांक असलेला नंबर द्यावा. हजेरी क्रमांक दहाच्या पद्धतीत तसाच लिहिला तरी चालतो, वेगळा असला म्हणजे झालं. बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त यूएसबी-लॅन अडॅप्टरांतही कधी कधी एका खेपेतल्या सगळ्यांवर एकच नंबर सापडतो. एकाच ऑफिसात असे दोन घेतले असतील तर एकाचा बदलावा, हे मॅक बदलण्याचं अगदी निर्दोष कारण आहे. आभासी यंत्रांची (संगणकाच्या आत कार्यक्रमाने उभ्या केलेल्या संगणकांची) प्रत काढतानाही ‘नवा मॅक बनव’ हा पर्याय निवडायला विसरू नये. व्हर्च्युअलबॉक्सची ०८-००-२७, केव्हीएमची ५२-५४-००, ही सुरुवात दिसली की समजावं हे यंत्र लोखंडाचं नाही.

एकाच नंबराची दोन यंत्रं वेगवेगळ्या राउटरांच्या मागे असतील, एक पेडण्याला आणि एक काणकोणला, तर काहीच बिघडत नाही. मॅक आपल्या वाड्याबाहेर जात नाही. पहिल्या राउटरवर त्याचं काम संपतं, पुढे आयपी चालतो. अपवाद एक होता: आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीत जुन्या पद्धतीने यंत्र आपला पत्ता मॅकवरूनच बनवायचं, मध्ये एफएफएफई घालून आणि ते स्थानिक बिट उलटं करून, आणि मग तो नंबर जगभर दिसायचा. त्यावर तात्पुरत्या पत्त्यांचा उपाय आला, आणि आता बहुतेक यंत्रं बाहेर जाताना तोच वापरतात.

फोनने तर हा बदल आपल्या नकळत रोजचा करून टाकला. आयफोनने २०१४ मध्ये नेटवर्क शोधतानाचे नंबर मनमानी केले, २०२० मध्ये आयओएस १४ पासून प्रत्येक नेटवर्कला वेगळा खासगी पत्ता आला. अँड्रॉइड १० पासून तिथेही तेच मूळ वर्तन आहे. कारण साधं आहे: पणजीच्या बाजारातून चालताना खिशातला फोन स्वतःचा नंबर मोठ्याने सांगत जात होता, आणि कोण कुठल्या दुकानासमोर किती वेळ थांबलं हे मोजता येत होतं. हे थांबलं ते बरंच झालं. पण होमस्टे चालवणाऱ्यांना याचा त्रास होतो तोही खरा. राउटर १००पासून १९९पर्यंत शंभरच आयपी वाटायला बसलेला असतो, एकदा दिलेला पत्ता एक-एक दिवस राखून ठेवतो, आणि डिसेंबरात पाहुणे बदलत राहतात, प्रत्येकाचे फोन नवे नंबर घेऊन येतात. गेलेल्या पाहुण्यांचे नंबर पत्ते अडवून बसतात आणि आलेल्याला ‘आयपी मिळत नाही’. उपाय फोनमध्ये नाही, राउटरमध्ये आहे. राखून ठेवायची मुदत दोन तासांवर आणावी, वाटायची रांग २० ते २५० अशी वाढवावी, आणि कॅमेरे, प्रिंटर, टीव्ही यांना त्या रांगेबाहेरचे कायम पत्ते द्यावेत. घरच्या माणसांच्या फोनांना राउटरवर काही नियम लावायचे असतील तर फक्त घरच्या नेटवर्कपुरता खासगी पत्ता बंद करावा. बाहेरच्यासाठी चालूच राहू द्यावा.

मॅक फिल्टरला, म्हणजे ठरलेल्या नंबरांनाच आत घेणाऱ्या यादीला, कुलूप समजणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. वायफायच्या पासवर्डाने पाकिटातला मजकूर झाकला जातो, वरचा मॅक झाकला जात नाही, तो उघडाच उडतो. आत कोण आहे ते बाहेरच्याला ऐकू येतं आणि तो नंबर त्याला लावता येतो. म्हणून पासवर्ड न ठेवता फक्त यादीवर भिस्त ठेवणारं क्लिनिक किंवा दुकान उघडंच असतं. डब्ल्यूपीए२ किंवा ३ ही वायफायची सुरक्षापद्धत आणि लांब पासवर्ड, त्यानंतर हवी तर यादी. आणि दुसऱ्याचा नंबर लावून त्याच्या पैशांचं नेट वापरणं हे वेगळंच प्रकरण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमात दुसऱ्याचा पासवर्ड किंवा एकमेव ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरण्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे, त्या चौकटीत ते सहज येऊ शकतं. फोनचा आयएमईआय, म्हणजे खुद्द हँडसेटचा क्रमांक, ही तर पूर्ण निराळी गोष्ट आहे. त्यात फेरफार करणं आपल्याकडे थेट गुन्हा आहे, मॅकच्या सोप्या रकान्यांची सवय झाली म्हणून तिकडे हात नेऊ नये. ऑफिसच्या संगणकावरही परवानगीशिवाय करू नये. तिथल्या स्विचवर बरेचदा एका पोर्टला एकच नंबर बांधलेला असतो, दुसरा दिसताच ते पोर्ट बंद पडतं, आणि व्यवस्थापकाने येऊन उघडेपर्यंत ते टेबल नेटशिवाय राहतं.

म्हणून मे लागण्याआधी एक काम करून ठेवावं. राउटरच्या पानावर जावं, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, स्टेटसमध्ये वॅनच्या खाली जो मॅक दिसेल तो बारा अक्षरांचा नंबर कागदावर उतरवावा, शेजारी ‘वॅन’ असं लिहावं आणि तारीख टाकावी. शून्याला ‘ओ’ समजू नये. या नंबरात ओ नसतोच, अक्षरं एफपर्यंतच. बी आणि ८ मात्र हाताच्या लिखाणात सारखे दिसतात, ते जरा मोठे काढावेत. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरपाशी अडकवावा, राउटरच्या पाठीवर नव्हे, कारण राउटर दुरुस्तीला गेला की कागदही जातो. क्लोन लावून काम चालू झालं असेल तर नेटवाला भेटल्यावर नव्या राउटरचा स्वतःचा नंबर नोंदवून घ्यावा आणि क्लोनचा रकाना ‘मूळ मॅक’वर परत आणावा. जुना राउटर दुरुस्त होऊन कधी काकांच्या घरी त्याच नेटवाल्याच्या केबलवर लागला, तर एकाच वाड्यात एकच नंबर दोन दारांवर नको.